लोखंडे यांची पाचवी मागणी

रविवार हा सुट्टीचा वार, हे आपण इतके गृहीत धरले आहे की तो कधीकाळी कुणाला मागून घ्यावा लागला असेल, अशी शंकाही मनाला शिवत नाही. शाळेच्या पुस्तकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांत मात्र एक ओळ हमखास सापडते : रविवारची सुट्टी मिळवून देणारे कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे. ९ फेब्रुवारीला त्यांची पुण्यतिथी येते तेव्हा हीच ओळ थोड्याफार फरकाने पुन्हा छापली जाते. ती खोटी नाही. पण त्या एका ओळीच्या आड या माणसाचे बरेचसे काम झाकले गेले आहे, आणि झाकल्या गेलेल्या कामातला एक भाग असा आहे की त्याचा संबंध सुट्टीशी नसून माणसाच्या हातांशी आहे.

सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने लोखंडे यांनी सरकारपुढे पाच मागण्या ठेवल्या. रविवारची पूर्ण सुट्टी ही पहिली. दुपारी अर्धा तास विश्रांती ही दुसरी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला संपावे, ही तिसरी. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हाती पडावा, ही चौथी. आणि पाचवी अशी की, काम करताना गंभीर इजा होऊन कामगाराला घरी बसावे लागले तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा जायबंदी झाला तर त्याच्या उदरनिर्वाहाची योग्य तजवीज केली जावी. पहिली मागणी सहा वर्षांत पदरात पडली. पाचवीसाठी जवळपास चाळीस वर्षे थांबावे लागले, आणि तोवर ती मागणारा माणूस हयात नव्हता.

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा. घराणे फुलमाळी समाजातले, मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. परिस्थिती बेताची. नारायणरावांचे शिक्षण ठाण्यास झाले. इंग्रजी लिहिण्यावाचण्याइतके झाले, पुढे शिकण्याची ऐपत नव्हती. रेल्वेत आणि टपाल खात्यात त्यांनी काही काळ नोकरी केली आणि त्यानंतर मुंबईतील मांडवी भागातल्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून ते रुजू झाले. ही नोकरी त्यांच्या आयुष्यातली निर्णायक घटना म्हणावी लागेल. स्टोअरकीपर हा साच्यावर उभा राहणारा कामगार नव्हे आणि मालकाच्या बैठकीतला माणूसही नव्हे. तेल, पट्टे, बॉबिनी, सुटे भाग यांच्या हिशेबाच्या निमित्ताने त्याचा प्रत्येक खात्याशी संबंध येतो. कोणत्या यंत्राचा कोणता भाग मोडला, तो कधी बदलला, हे त्याच्या वहीत असते. यंत्राने माणसाचा कोणता भाग मोडला, याची मात्र वही गिरणीत कुठेच नसते. लोखंडे यांनी हे आतून पाहिले होते. त्यांच्या पुढच्या कामाला जो नेमकेपणा आहे, तो बहुधा तिथून आला असावा.

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. तीस वर्षांत परळ, चिंचपोकळी, भायखळा या भागांचे आकाश धुरांड्यांनी भरून गेले. रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतून माणसे येत. शेतात राबलेली, बैलाची चाल आणि विळ्याची धार ओळखणारी ही माणसे एकदम अशा यंत्रांपुढे उभी केली जात, की जी थांबवणे त्यांच्या हाती नव्हते. हे शब्दशः खरे होते. गिरणीत वाफेचे एक मोठे इंजिन असे. त्यावर फिरणारा लांबलचक लोखंडी शाफ्ट छताखालून सगळ्या खात्यातून जाई आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली प्रत्येक यंत्रावर उतरत. एखाद्याला आपले यंत्र बंद करायचे तर तो पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवी. पण शाफ्ट फिरतच राही, पट्टा सळसळतच राही. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर, सदऱ्याची बाही त्यात गेली की माणूस ओढला जाई. आरडाओरडा इंजिनापर्यंत पोहोचेतो जे व्हायचे ते होऊन गेलेले असे.

हात सापडण्याच्या जागा ठरलेल्या होत्या. कापूस मोकळा करण्याच्या यंत्रात पाती वेगाने फिरतात. कापसाचा बोळा अडकला की तो काढायला हात आत जाई. पिंजण्याच्या म्हणजे कार्डिंगच्या यंत्रात तारांच्या बारीक दातांनी मढवलेला एक जड पिंप असतो. पट्टा काढल्यावरही आपल्याच वजनाच्या जोरावर तो कितीतरी वेळ फिरत राहतो, आणि यंत्र बंद आहे अशा समजुतीने झाकण उघडून साफसफाईला लागलेल्या माणसाची बोटे, तळहात सोलून काढतो. सूतकताईच्या साच्यांच्या टोकाला दातेरी चाके उघडी असत. त्यांत रुई साचे, तेलाने चिकट होई, आणि ती चिंधीने पुसण्याचे काम बहुधा पोरांकडे असे. दोन दातांच्या मध्ये चिंधी गेली की तिच्यामागून बोट जाई. विणाई खात्यात धोटा मागावरून उडून शेजाऱ्याच्या डोळ्यावर बसे, तो प्रकार निराळा. तुटलेला धागा सांधणे हे तर कौशल्याचे आणि चिमटीचे काम; अंगठा आणि तर्जनी गेली की माणूस त्या कामातून कायमचा उठला.

या सगळ्यात दिवसाच्या लांबीचा मोठा वाटा होता. गिरण्यांत त्या वेळी विजेचे दिवे नव्हते. काम उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चाले, म्हणजे हिवाळ्यात दहा-अकरा तास आणि उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. दुपारी यंत्रे थांबत नसत. एकाने दुसऱ्याच्या यंत्रावर नजर ठेवायची आणि तेवढ्यात भाकरी खायची. ठराविक साप्ताहिक सुट्टी नव्हती, आणि ज्या गिरण्या रविवारी बंद ठेवल्या जात तिथेही यंत्रांची साफसफाई करण्यासाठी कामगारांना अर्धा दिवस बोलावले जाई. म्हणून लोखंडे यांच्या मागणीत रविवार नुसता नव्हता, पूर्ण होता. पहिली मागणी आणि पाचवी मागणी यांच्यामधले नाते इथे दिसते. सलग कित्येक आठवडे उसंत न मिळालेला, तेराव्या तासाला दातेरी चाकापाशी उभा असलेला माणूस आपल्या बोटांवर किती लक्ष ठेवू शकेल, हा प्रश्न सुट्टीचाही आहे आणि अपघाताचाही.

हात गेल्यावर काय होई? माणसाला सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात नेत. १८४५ पासून ते होते आणि तिथे उपचार फुकट होत. पण गिरणीत त्याच दिवशी त्याची जागा भरली जाई. पहाटेच्या भोंग्याला दाराशी बदली कामाच्या आशेने माणसे उभीच असत आणि कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवी. खाड्याचे पैसे कापले जात, मागचा थकलेला पगार मिळायलाही महिना-दीड महिना लागे. एखादा मालक दयाबुद्धीने चार रुपये हातावर ठेवी. एखादा झाडूवाल्याचे किंवा पहारेकऱ्याचे काम देई. पण तो उपकार होता. बहुतेकांना कोकणात किंवा घाटावर गावी परत जावे लागे, आणि शेतीच्या कामालाही तो हात उपयोगाचा नसे. पुढच्या पिढ्यांतही गिरणगावातल्या चाळीत एखादे बोट नसलेला हात हा कुणाच्या नवलाचा विषय नव्हता.

कायद्याचा मार्ग कागदावर होता. अपघाती मृत्यू झाल्यास वारसांना दावा करता येईल असा एक कायदा १८५५ मध्ये झाला होता. परंतु जिवंत राहिलेल्या जायबंदी माणसाने दिवाणी न्यायालयात जाऊन मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करायचा, आणि तोही आपल्या स्वतःच्या खर्चाने! त्यात इंग्रजी न्यायालयांनी १८३७ पासून एक तत्त्व रूढ केले होते. अपघात सहकाऱ्याच्या चुकीने झाला असेल तर मालक जबाबदार नाही, कारण नोकरी पत्करताना कामगाराने तो धोकाही पत्करलेला असतो. गिरणीत पट्टा सोडणारा, इंजिन चालवणारा, हाताखालचा पोरगा हे सगळे सहकारीच. मग मालकाची चूक उरते कुठे? एका हाताचा बाप्या वकील करून हे सगळे लढेल, ही कल्पनाच तेव्हाच्या मुंबईत हास्यास्पद होती.

लोखंडे या लढाईत उतरले ते वृत्तपत्राच्या मार्गाने. महात्मा जोतिराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाशी त्यांचा निकटचा संबंध होता. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधू' हे साप्ताहिक पैशाअभावी अडचणीत आले, तेव्हा १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईस आणले आणि संपादकत्व स्वतःकडे घेतले. पुढे अखेरपर्यंत 'दीनबंधू' आणि लोखंडे ही नावे एकत्रच घेतली गेली. शेतकऱ्यांचे आणि कामगारांचे प्रश्न नियमितपणे मांडणारे असे पत्र तोवर मराठीत नव्हते.

त्यांच्या धैर्यालाही मर्यादा होत्या, हे सांगायला हवे. जोतिरावांच्या 'शेतकऱ्याचा असूड'चा सुरुवातीचा भाग 'दीनबंधू'ने छापला आणि पुढचा छापणे थांबवले. सरकारी रोषाच्या भीतीने त्यांनी हात आखडता घेतला, अशी जोतिरावांची नाराजी होती. लोखंडे हे अर्ज-विनंतीच्या, सभा-ठरावाच्या मार्गाने जाणारे गृहस्थ होते. संपाचे हत्यार त्यांचे नव्हते. आजच्या कामगार नेत्याच्या प्रतिमेत त्यांना बसवू पाहणाऱ्याची निराशा होईल.

सरकारनेही तोवर काही केले नव्हते असे नाही. मँचेस्टर आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईचे स्वस्त सूत सलू लागले होते आणि मुंबईच्या कामगारांच्या तासांची चिंता त्यांना अचानक वाटू लागली होती. त्या दबावातून १८७५ मध्ये मुंबईचे कलेक्टर आर्बथनॉट यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला गेला. त्यातील बहुसंख्य सभासदांना कायद्याची गरज दिसली नाही. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी मुंबई विधिमंडळात विधेयक आणण्याचा खटाटोप केला, पण त्यास परवानगी मिळाली नाही. अखेर लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत १८८१ चा फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कामाला लावू नये, बारा वर्षांखालील मुलांकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, त्यांना महिन्यातून चार सुट्ट्या द्याव्यात, धोकादायक यंत्रांना कुंपण घालावे, अपघात झाल्यास सूचना द्यावी, एवढ्या त्याच्या तरतुदी. शंभरपेक्षा कमी माणसे असलेल्या कारखान्यांना तो लागू नव्हता. वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणाऱ्या कारखान्यांनाही नव्हता, म्हणजे हंगामी जिनिंग कारखाने सुटले. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या तासांबद्दल एक अक्षर नव्हते आणि जायबंदी झालेल्याच्या पोटाबद्दलही नव्हते. यंत्राला कुंपण घाला, असे कायदा मालकाला सांगत होता. न घातल्यामुळे ज्याचा हात गेला त्याला काय मिळेल, हे तो कुणालाच सांगत नव्हता.

ही उणीव लोखंडे यांनी हेरली. १८८४ मध्ये मुंबईचे तेव्हाचे कलेक्टर मुलॉक यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग बसला, त्याच्यापुढे कामगारांचे म्हणणे मांडण्याची संधी त्यांनी साधली. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली. भारतातील कामगारांची पहिली संघटित सभा म्हणून इतिहासकार तिचा उल्लेख करतात. वर दिलेल्या पाच मागण्या तिथे मंजूर झाल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी आयोगाला सादर झाल्या. ज्या काळात बहुतेक कामगारांना अक्षरओळख नव्हती, त्या काळात साडेपाच हजार नावे गोळा करणे म्हणजे काय दिव्य असेल याची कल्पना करावी. अंगठ्याचा ठसा हीच अनेकांची सही असणार.

याच काळात बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन अस्तित्वात आली. तिला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, लिखित नियम नव्हते, असे सरकारी अहवालानेच पुढे नमूद करून ठेवले आहे. लोखंडे हे तिचे अध्यक्ष, आणि जो कामगार येईल त्याला सल्ला देणारे ते बिनपगारी सल्लागार. पुढच्या काळातील अभ्यासकांनी ही संघटना खरी ट्रेड युनियन नव्हतीच, असा निर्वाळा दिला आहे. व्याख्येपुरते ते बरोबर आहे. पण अडलेल्याला अर्ज लिहून देणारा, इंग्रजी जाणणारा आणि मालकाचा मिंधा नसलेला माणूस गिरणगावात दुसरा कोण होता?

आता एक योगायोग. सुपारीबागेची सभा भरण्यापूर्वी अडीच महिने, ६ जुलै १८८४ रोजी, जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने अपघात विम्याचा कायदा केला होता. कामावर जखमी झालेल्याला, चूक कोणाची हे न विचारता, मालकांच्या वर्गणीतून भरपाई द्यायची, हे तत्त्व जगात पहिल्यांदा तिथे कायद्यात आले. इंग्लंडमध्ये १८८० चा कायदा होता, पण त्यात मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे कामगारावरच होते. चुकीचा प्रश्न बाजूला ठेवणारा कायदा तिथे १८९७ मध्ये आला. लोखंडे यांच्या पाचव्या मागणीतही चूक कोणाची, हा शब्द नाही. काम करताना इजा झाली, एवढेच पुरे. एका गिरणीचा माजी स्टोअरकीपर, इंग्लंडच्या पार्लमेंटच्या तेरा वर्षे आधी, त्याच जागी येऊन उभा राहिला होता. जर्मनीची बातमी त्याच्या कानावर आली होती की स्वतःच्या अनुभवातून तो तिथे पोहोचला, याला फारसे महत्त्व नाही. परळच्या कामगाराला ती मागणी समजली आणि त्याने तिच्याखाली अंगठा उठवला, याला आहे.

आयोगापुढे आलेल्या साक्षी सुन्न करणाऱ्या होत्या. खानदेशातील जिनिंग कारखान्यांत ऐन हंगामात पहाटे चार-पाच वाजल्यापासून रात्री नऊ-दहा वाजेपर्यंत काम चाले. यंत्रापुढे बसून सरकी वेगळी करणाऱ्यांत बायकांचा भरणा मोठा. काही वेळा सलग आठ-आठ दिवस रात्रंदिवस काम चालल्याचे खुद्द कारखान्याच्या व्यवस्थापकाने सांगितले. जिनिंगच्या फिरत्या रुळाला कापूस हातानेच भरवावा लागतो. डोळे मिटत असलेल्या बाईचा हात आणि रूळ यांच्यामध्ये अंतर ते किती! आयोगाने अहवाल दिला. सरकारने तो ठेवून घेतला.

मालकांचा विरोध अपेक्षित होता. अनपेक्षित, किंवा आज आपल्याला अवघड वाटणारी गोष्ट ही की, राष्ट्रीय बाण्याच्या पत्रांचाही विरोध होता. फॅक्टरी कायदे म्हणजे देशी धंदा बुडवण्याचा मँचेस्टरचा डाव, अशी पुण्याच्या 'मराठा'सह अनेक वृत्तपत्रांची भूमिका होती. तीत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. लँकेशायरच्या हेतूंबद्दल कुणालाच भ्रम नव्हता. लोखंडे यांच्यासारख्यांची त्यामुळे विलक्षण कोंडी झाली. कामगाराची बाजू घ्यावी तर परक्या भांडवलाचा हस्तक म्हणून बोट दाखवले जाणार. लोखंडे यांनी ते बोट सोसले. मँचेस्टरचा हेतू काहीही असो, दातेरी चाक स्वदेशी गिरणीतही बोट तोडतेच, हा त्यांच्या भूमिकेचा मथितार्थ होता.

सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनी त्या सभेत भाषणे केली, ही तेव्हाच्या समाजात केवढी गोष्ट होती हे वेगळे सांगायला नको. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून कष्टकऱ्याला तो मोकळा हवा, असा युक्तिवाद लोखंडे करीत असे सांगितले जाते. काही असो, १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालक संघाने रविवारच्या सुट्टीला मान्यता दिली. त्याच वर्षी डॉ. लेथब्रिज यांच्या अध्यक्षतेखालील फॅक्टरी आयोगाच्या कामात मुंबईपुरता सहभागी होण्याचा मान लोखंडे यांना मिळाला. अर्जदार म्हणून दारात उभा राहिलेला माणूस सहा वर्षांनी मेजाच्या पलीकडे बसला.

१८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती देशभर लागू झाली. मुलांचे किमान वय नऊ झाले, स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली आणि पन्नास माणसांच्या कारखान्यांपर्यंत कायद्याची हद्द वाढली. पाचपैकी दोन मागण्या पुऱ्या झाल्या. पुरुषांच्या तासांना पहिली मर्यादा १९११ मध्ये पडली, तीही बारा तासांची. पगार वेळेवर देण्याचा कायदा १९३६ मध्ये झाला, आणि त्यात १५ नव्हे तर ७ किंवा १० तारखेची मुदत आली. जायबंदीच्या तजविजीविषयी १८९१ चा कायदा गप्प होता.

लोखंडे यांच्या उरलेल्या आयुष्यातील काही गोष्टी सर्वपरिचित आहेत. विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार मुंबईच्या नाभिकांनी १८९० मध्ये केला, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची भीषण दंगल झाली, तेव्हा राणीच्या बागेत दोन्ही समाजांच्या कामगारांचा ऐक्य मेळावा त्यांनी घडवून आणला. १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. यातल्या प्रत्येकावर स्वतंत्र लेख होऊ शकेल.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगने प्रवेश केला. पहिले रोगी सापडले ते मांडवी भागात, म्हणजे जिथल्या गिरणीत लोखंडे यांनी नोकरी केली होती तिथेच. शहर ओस पडू लागले, गिरण्यांतून माणसे गावाकडे पळू लागली. ज्यांना जाता येणे शक्य होते ते गेले. लोखंडे मुंबईतच राहिले आणि कामगार वस्त्यांतील रोग्यांच्या सेवेत गुंतले. त्यातच प्लेगची लागण होऊन ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती. महिनाभराने, १० मार्च रोजी, पुण्यात सावित्रीबाई फुले त्याच रोगाने, त्याच प्रकारे गेल्या. इंग्लंडमधला तो भरपाईचा कायदा त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मंजूर झाला.

हिंदुस्थानातील वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन अॅक्ट १९२३ मध्ये झाला. मधल्या काळात पहिले महायुद्ध होऊन गेले होते, १९२० मध्ये आयटक स्थापन झाली होती आणि कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडायला नारायण मल्हार जोशी होते. (लोअर परळचा एन. एम. जोशी मार्ग ज्यांच्या नावाचा, ते हे जोशी. लोखंडे यांचीही इंग्रजी आद्याक्षरे एन. एम. हीच, त्यामुळे कधीकधी गोंधळ होतो.) या कायद्याने इजेची किंमत प्रथमच आकड्यांत मांडली. कायमचा पूर्ण निकामी झालेल्या कामगाराला ४२ महिन्यांचा पगार, पण साडेतीन हजार रुपयांच्या वर नाही. त्याहून कमी नुकसानीसाठी एक परिशिष्ट जोडले होते. उजवा हात कोपराखाली गेला तर कमाईची ताकद ६० टक्के गेली असे धरावे. डावा गेला तर ५० टक्के. अंगठा गेला तर २५ टक्के. तर्जनी गेली तर १० टक्के. इतर कोणतेही एक बोट गेले तर ५ टक्के.

हिशेब सोपा आहे. बेचाळीस महिन्यांच्या पाच टक्के म्हणजे दोन महिने आणि वर तीन दिवस. करंगळी, अनामिका किंवा मधले बोट, यांपैकी एकाची किंमत सव्वादोन महिन्यांच्या पगाराहूनही कमी. अंगठ्याची साडेदहा महिन्यांची. बरा होईपर्यंत पूर्ण पगार ही लोखंडे यांची मागणी होती. कायद्याने अर्धा दिला, आणि तोही पहिले दहा दिवस वगळून. यंत्राचे कुंपण कामगाराने स्वतः जाणूनबुजून काढले असेल तर काहीच नाही, अशीही अट होती. साफसफाईसाठी कुंपण काढायला सांगणारा जॉबर पुढे साक्षीला कोणाच्या बाजूने उभा राहणार, हे ज्याने त्याने ठरवावे. तरीही चूक कोणाची हा मुख्य प्रश्न बाजूला पडला, भरपाई हा उपकार न राहता हक्क झाला आणि त्यासाठी स्वतंत्र आयुक्त नेमले गेले, हे मोठेच पाऊल होते.

परळमध्ये राज्य सरकारची जी कामगार अभ्यासाची संस्था आहे, तिला आज नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आहे. २००५ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीटही काढले. एकेकाळी याच खात्यात त्यांनी नोकरी केली होती.

१ जुलै १९२४ रोजी भरपाईचा कायदा अमलात आला, तेव्हा सुपारीबागेच्या सभेला चाळीस वर्षे पुरी होण्यास तीन महिनेही उरले नव्हते. त्या सभेला विशीत हजर असलेला, अर्जाखाली अंगठा उठवणारा एखादा कामगार त्या दिवशी साठीच्या घरात असणार. त्या तारखेपूर्वी ज्यांचे हात गेले होते, त्यांना हा कायदा लागू नव्हता.